सप्तर्षीतला सातवा

"काका, सप्तर्षी म्हणजे सात ना? मग हे सहाच कसे?"

रात्री गच्चीवर शेजारची चिमुरडी बोट नाचवत मोजत होती. मीही मोजले. सहाच. चौकोनाला शेपटी जिथे जुळते तिथला अत्री दिसेना. सातांत तोच सगळ्यांत मंद.

शहराच्या या टोकाला आलो ते अंधारासाठीही. आता रस्त्यावर पांढरे एलईडी लागलेत. जुन्या पिवळ्या दिव्यांपेक्षा त्यांत निळा प्रकाश जास्त, आणि तोच हवेत अधिक विखुरतो. दिवे पाहिजेतच, उशिरा एकट्याने घरी येणाऱ्यांना आधार वाटतो. पण त्यांचं तोंड आकाशाकडे कशाला?

तिला म्हटलं, सातवा आहे, फक्त दिसत नाही. तिला काही पटलं नाही.

तुमच्या गच्चीवरून किती दिसतात?