व्यायाम तोच, पायऱ्या वेगळ्या

आज पिलाटेसच्या, म्हणजे पोट-पाठीच्या स्नायूंवर भर देणाऱ्या व्यायामाच्या, क्लासला नवखे आणि मुरलेले एकत्र होते. ताईंनी सगळ्यांकडून ‘हंड्रेड’ करून घेतला. पाठीवर झोपून डोकं-खांदे उचलायचे, हात अंगालगत वरखाली हलवायचे. पाच ठोके श्वास आत, पाच ठोके बाहेर, असे दहा श्वास झाले की 100. जुन्या मंडळींचे पाय सरळ, हवेत तिरके. माझे गुडघे वाकवलेले. शेजारच्या काकूंचे तळवे जमिनीवरच, आणि मान भरून आली की डोकं खाली टेकवायची मुभा. पोट मात्र तिघांचंही थरथरत होतं!

मला ही पद्धत मनापासून पटते. योगात बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे, ठोकळे, खुर्ची वापरून ताठर शरीराच्या माणसालाही आसनापर्यंत नेलं. त्रिकोणासनात हात जमिनीला टेकवायच्या हट्टापायी छाती खाली झुकवण्यापेक्षा ठोकळ्यावर हात ठेवलेला केव्हाही बरा.

‘बिगिनर’ बॅचला जायला लाजणाऱ्यांनो, बिनधास्त जा. श्वास कधी घ्यायचा, कंबर कशी सांभाळायची, हे तिथेच सावकाश शिकायला मिळतं. आणि गुडघेदुखी, पाठदुखी, रक्तदाब असं काही असेल तर क्लास सुरू व्हायच्या आधीच शिक्षकांच्या कानावर घाला.