ड्रेनच्या बाटलीतले आकडे

स्तन काढायचं ठरलं तेव्हा डोक्यात कॅन्सरशिवाय काही नव्हतं. त्यात डॉक्टरांनी विचारलं, जखमेवरच्या एका अभ्यासात भाग घ्याल का? इथे जिवाची पडलीये आणि यांना टाक्यांचं पडलंय, असं वाटलं.

माहितीपत्रक घरी नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला. स्तन काढल्यावर चामडीखाली पोकळी उरते, तिथे पाणी साचतं. हा सेरोमा या ऑपरेशननंतरचा सगळ्यात नेहमीचा त्रास. कधी सुईने पाणी काढावं लागतं, कधी संसर्ग होतो, आणि जखम चिघळली तर केमो, रेडिएशन लांबतं. अभ्यासात एका गटाला नेहमीचे टाके. दुसऱ्या गटाची चामडी आतून छातीच्या स्नायूवर टाचून पोकळी बुजवायची, गोधडीचे थर टाचतात तशी. माझा गट संगणक ठरवणार.

हे मात्र गिळवेना. जास्त चांगलं काय ते तुम्हालाच माहीत नाही का, असं मी डॉक्टरांना विचारलंच. त्या म्हणाल्या, "नक्की माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?" मध्येच बाहेर पडलात तरी उपचारात फरक पडणार नाही, हेही कागदावर होतं. मी सही केली.

ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी आणि तिची बाटली, लावूनच घरी आले. रोज ठरल्या वेळी बाटली रिकामी करायची, पाणी मोजायचं, रंगासकट तक्त्यात लिहायचं. आधी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. 24 तासांत 30 मिलीच्या खाली आलं की नळी काढू, असं सांगितलं होतं. आकडा उतरायचा आणि हात जरा जास्त हलवला की पुन्हा चढायचा. चार मिली कमी लिहावेत असा मोह फार व्हायचा!

जखम तपासायला वेगळ्या डॉक्टर यायच्या. माझा गट त्यांनाही माहीत नव्हता, मलाही नाही. लाली, स्राव, सुटलेली कड, ताप, सगळ्याची नोंद व्हायची. वरवरच्या संसर्गावर 30 दिवस लक्ष ठेवायचं, खोलवरच्या संसर्गावर 90. त्यामुळे केमो सुरू झाल्यावरही जखमेची चौकशी करणारे फोन येत राहिले.

नळी काढल्यावर पाणी साचलंच. सुई टोचली तेव्हा दुखलं नाही, तिथली चामडी बधिरच होती. म्हणजे मी नेहमीच्या टाक्यांच्या गटात, असा मी निष्कर्ष काढला. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, साचतं दोन्हीकडे, कमी-जास्त किती तेच तर बघायचंय. अभ्यास संपल्यावर निकाल कळवा, या चौकटीत मी खूण करून ठेवलीये.