विहिरीवरच्या अप्सरा
आज मावशीकडे गावी गेले होते. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड, पुढ्यात सुकलेल्या लिंबाच्या फोडी नि हिरव्या बांगड्या. मावशी म्हणाली, "आसरांच्या आहेत गं, हात नको लावूस."

आसरा म्हणजे अप्सराच की! अप् म्हणजे पाणी, पाण्यातून सरणारी ती अप्सरा. इंद्राच्या दरबारात नाचणारी बाई आपल्याकडे येईपर्यंत विहिरीत माणसं ओढणारी झाली. यक्षिणीचं तेच. कुबेराच्या घरची ती, मराठीत जखीण झाली. (बायकांचीच अशी पडझड का, विचारलं तर मावशी नुसती हसली.)

खवीस मला अगदी गावरान वाटायचा, तो निघाला अरबी 'खबीस', म्हणजे दुष्ट. समंध म्हणजे साधा 'संबंध', घर-पैशाशी न सुटलेला. मुंज झाली पण लग्नाआधीच गेला तो मुंजा, पिंपळावरचा. आणि भूत? नुसतं 'होऊन गेलेलं'. व्याकरणातला भूतकाळ नि बोळातलं भूत एकाच धातूचे.

निघताना मावशीने पोहरा ओढला, आधी ओंजळभर पाणी त्या दगडांवर शिंपडलं, मग मला तांब्या दिला. काय गार होतं!