आई-बाबांना घेऊन अलास्का: बोटीवर आणि बंदरांत

अलास्काच्या क्रूझचं ठरलं की केबिन, बाल्कनी, भाव हे सगळं मागाहून बघा. आधी घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट उघडा आणि त्यात कॅनडाचा व्हिसा आहे का ते तपासा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणाऱ्या बोटी वाटेत कॅनडातल्या एका बंदरावर, बहुतेक वेळा व्हिक्टोरियाला, थांबतात. हा थांबा हौसेचा नसतो. परदेशी ध्वजाच्या बोटीने अमेरिकेत चढवलेले प्रवासी परदेशी बंदर न करता अमेरिकेतच उतरवू नयेत, असा 1886 सालचा कायदा आहे, आणि या मोठ्या बोटींवर ध्वज असतो तो बहामा, बर्म्युडा, पनामा, नेदरलँड्स अशा देशांचा. ग्रीन कार्ड असेल तर पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवलं की कॅनडाचा व्हिसा लागत नाही. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मात्र तो लागतोच. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे उत्तर धक्क्यावर कागद बघणाऱ्यांपुढे चालत नाही. बोटांचे ठसे द्यावे लागतात, वेळ जातो, म्हणून हा अर्ज त्यांनी भारतातून निघण्याआधीच करून ठेवलेला बरा. कॅनडाहून परत अमेरिकेत शिरायचं असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसाही अनेक प्रवेशांचा हवा.

आम्ही जूनमध्ये गेलो: आई-बाबा, आम्ही दोघं आणि शाळकरी लेक. बाबांना सगळं बघायचं असतं, आईचे गुडघे दुखतात, आणि लेकीला फक्त देवमासे हवे होते. अशा कुटुंबाला अलास्का क्रूझनेच बघणं सोयीचं. जूनो ही अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून जाणारा रस्ताच नाही. माणसं विमानाने किंवा बोटीने येतात. हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. मे महिन्यात पाऊस त्यातल्या त्यात कमी, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सामन मासे आणि त्यांच्यामागे अस्वलं, पण पाऊसही तेव्हाच जास्त. जूनमध्येही दिवसाचं तापमान 10 ते 17 अंशांच्या घरात होतं. जाडजूड कोटाची गरज पडली नाही. आत उबदार बनियन, मध्ये स्वेटर, वर पाणी न झिरपणारं जाकीट, आणि डोक्याला कानटोपी. छत्री वाऱ्यात उलटी होते, ती घरीच ठेवा.

बोट लागते का, हा प्रश्न सगळे विचारतात. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी बेटांच्या आतल्या शांत पाण्यातून जातात. सिएटलहून निघणाऱ्या बऱ्याचशा बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या पॅसिफिकवरून जातात. त्यामुळे पहिला पूर्ण दिवस आणि परतीचा टप्पा हलण्याचा. ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी बोटीच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या; वरच्या आणि टोकाच्या केबिन सुंदर दिसतात पण झुलतात जास्त. औषध मळमळायच्या आधी घ्यायचं असतं, आणि आईवडिलांना रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून. आईने आलेपाकावर दिवस काढला. बाबांना काही झालं नाही, आणि ते त्यांनी दिवसभर सगळ्यांना सांगितलं.

सिएटलला क्रूझचे धक्के दोन आहेत, पिअर 66 आणि पिअर 91, आणि ते एकमेकांजवळ नाहीत. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावरचा आकडा वाचा. मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमाल घेतात आणि त्या केबिनपाशी संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून औषधं, चष्मे, कागदपत्रं, एक स्वेटर हातातल्या पिशवीत. इस्त्री आणि पाणी उकळायची किटली नेऊ नका, तपासणीत काढून घेतात. घरी केलेलं खाणंही बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली चिवड्याची, बाकरवडीची पाकिटं चालली. चढल्यावर आधी सुरक्षेची कवायत उरकायची: व्हिडिओ बघायचा आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन कार्ड दाखवायचं. ती केल्याशिवाय बोट हलत नाही, आणि राहिलेल्यांची नावं भोंग्यावर पुकारतात.

जेवणाची काळजी वाटेल तेवढी करू नका, पण पहिल्याच संध्याकाळी तोंड उघडा. शाकाहारी, जैन, कांदा-लसूण नको, जे असेल ते बुकिंगमध्ये लिहा आणि जेवणघराच्या प्रमुखाला भेटून परत सांगा. क्रूझवर गोव्याची माणसं पुष्कळ कामाला असतात. आमच्या टेबलाशी वाढायला येणारा मडगावचा होता. आईने दुसऱ्या रात्री त्याच्याशी मराठी आणि तिच्या मोडक्या कोकणीत गप्पा सुरू केल्या आणि तिसऱ्या रात्रीपासून आमच्या टेबलावर वरण-भात यायला लागला. मात्र हे आदल्या रात्री सांगावं लागतं. ऐन जेवायला बसल्यावर मागितलं तर यादीतलीच भाजी मिळते. बफेच्या दारात हात साबणाने धुवा. जुलाब-उलट्यांचा जो नोरोव्हायरस बोटींवर पसरतो, त्याच्यावर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

खर्चाचं एक: टिप रोज माणशी साधारण 16 ते 20 डॉलर आपोआप खात्यावर चढते, लहान मुलांचीही. पाच माणसांचे आठवड्याचे होतात ते आधीच हिशोबात धरा. पेयांचं पॅकेज दारू न पिणाऱ्यांना परवडत नाही. बफेमधलं पाणी, चहा, साधी कॉफी फुकट असते. बोटीवरचा डॉक्टर महाग पडतो. आईवडिलांसाठी घेतलेला अमेरिकेतला विमा समुद्रावर आणि कॅनडात लागू आहे का, ते अटींत शोधा.

आता घड्याळ. किनाऱ्यावरचा सगळा दिवस यावर अवलंबून असतो. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे आहे. बोट सुरुवातीच्या एका रात्री घड्याळं एक तास मागे करते आणि व्हिक्टोरियाच्या आधी परत पुढे आणते. तुमचा फोन मात्र त्याला जो टॉवर सापडेल त्याचं ऐकतो, आणि वाटेत कॅनडाचा किनारा जवळच असतो. म्हणून बाबांचं जुनं हातावरचं घड्याळ बोटीच्या वेळेला लावून टाकलं आणि सगळे त्यांनाच विचारत होतो. फोन विमानाच्या मोडवर ठेवाच, नाहीतर बोटीवरच्या मोबाइल सेवेचं रोमिंग बिल घरी येतं. रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या किंवा ॲपवर दिसणाऱ्या पत्रकात ‘सगळे बोटीवर’ची वेळ असते, ती सुटण्याच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधीची. त्याच पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. बोट खरोखरच सुटली तर तोच माणूस तुमच्या कामाचा.

बोटीच्या कंपनीची सहल घेतली आणि ती उशिरा परतली, तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनीची असते. स्वतः फिरलात तर जबाबदारी तुमची. भाव मात्र चांगलाच वेगळा असतो. माझा हिशोब असा: जे धक्क्यापासून लांब आणि एकाच गाडीवर अवलंबून, ते बोटीमार्फत, बाकी आपलं आपण. आणि एका बंदरात मोठी गोष्ट एकच.

जूनोला खरी ओढाताण होते, कारण तिथे मेंडेनहॉल हिमनदीही आहे आणि देवमासेही. दोन्ही एकत्र दाखवणाऱ्या सहली आहेत, पण त्यात हिमनदीला घाईघाईचा तास मिळतो. आम्ही फुटलो. लेक आणि तिचा बाबा औक बेच्या धक्क्यावरून देवमाशांच्या बोटीवर गेले, आणि मी आई-बाबांना घेऊन हिमनदीकडे. ती शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे आणि क्रूझच्या धक्क्यावरूनच बस सुटतात. तिथे किती गाड्या नेता येतात यावर वनखात्याची मर्यादा आहे, त्यामुळे गर्दीच्या दिवशी जागा संपतात. आधी आरक्षण करा किंवा उतरल्या उतरल्या पहिली बस पकडा. साधी शहर बस स्वस्त आहे, पण ती दोन-अडीच किलोमीटर अलीकडे सोडते. गुडघेदुखीवाल्यांनी तो नाद करू नये.

तिथे पोचल्यावर आईसारख्यांसाठी फोटो पॉइंटची छोटी पक्की वाट आहे, चाकाची खुर्चीही जाते. तळ्यापलीकडे हिमनदी दिसते, निळसर, आणि जुन्या फोटोंच्या मानाने बरीच मागे सरकलेली. बाबांना मी नगेट धबधब्याकडे नेलं. वाट जवळजवळ सपाट, एका बाजूची दीड किलोमीटर, आणि शेवटी 115 मीटरचा धबधबा इतका जवळ की तुषारांनी चष्मा धूसर. अस्वलांमुळे या आवारात खाणं न्यायला मनाई आहे, फक्त पाणी चालतं. आईच्या पिशवीतला चिवडा रेंजरच्या नजरेआधी मीच बसमध्ये ठेवायला सांगितला. भरपेट नाश्ता करूनच बोटीवरून उतरा.

देवमासे बघायला गेलेली मंडळी खूश होऊन आली. हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईच्या कोमट पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात खायला इथे येतात. बोटींना त्यांच्यापासून निदान 100 यार्ड लांब राहावं लागतं. म्हणून फोनच्या कॅमेऱ्यात काळा ठिपकाच येतो. दुर्बीण न्या आणि फोटोचा नाद सोडा, असं लेकीचं मत.

स्कॅगवे हे हजार-बाराशे वस्तीचं गाव, आणि तिथली व्हाइट पासची आगगाडी चुकवू नये. 1897-98 मध्ये कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यामागे हजारो माणसं या खिंडीतून गेली. वर कॅनडाचे पोलीस उभे असत आणि माणशी साधारण टनभर सामान, म्हणजे वर्षाचा शिधा, असल्याशिवाय पुढे सोडत नसत. ते वाहताना या वाटेवर सुमारे 3000 घोडे मेले. 1898 ला रेल्वे घालायला घेतली आणि 1900 मध्ये ती व्हाइटहॉर्सपर्यंत पोचली. रूळ तीन फुटी, डबे लाकडी. माथेरानच्या गाडीची थोरली बहीण म्हणा. समुद्रसपाटीपासून 2865 फुटांपर्यंत ती 20 मैलांत चढते. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी त्या बाजूला आहे. शिखरावर पोचल्यावर बाजू बदलायला सांगतात, तेव्हा कुणी वंचित राहत नाही. डब्याच्या टोकाला उघडा सज्जा आहे. बाबा जाता-येता तिथेच उभे होते. चढायला त्रास होणाऱ्यांसाठी उचलणी असलेला डबा असतो, पण तो बुकिंग करतानाच मागावा लागतो. शिखरापर्यंत जाऊन परतणाऱ्या गाडीला पासपोर्ट लागत नाही. कॅनडातल्या फ्रेझरला किंवा पुढे युकॉनमध्ये उतरणाऱ्या सहलीला लागतो. हे तिकीट मी बोटीमार्फतच घेतलं. पावणेतीन तास डोंगरात असताना मनगटाकडे बघत बसायचं नव्हतं.

ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या खाडीच्या दिवशी कुणी उतरत नाही, तरी तो आठवड्यातला सगळ्यांत चांगला दिवस. तिथे दिवसाला फक्त दोन क्रूझना प्रवेश असतो, म्हणून बुकिंग करताना आपल्या बोटीच्या मार्गात हे नाव आहे ना ते बघा. काही बोटी त्याऐवजी एंडिकॉट आर्मला किंवा हबर्ड हिमनदीला जातात. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन आपल्या बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. 1794 मध्ये ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेला ही खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली दिसली होती. आज त्याच जागेतून बोट आत शिरून मार्जरी हिमनदीसमोर उभी राहते. बर्फाची ती भिंत पाण्यावर सुमारे 250 फूट उंच आणि मैलभर रुंद. बोट जागच्या जागी फिरते, त्यामुळे कोणत्याही बाजूच्या केबिनला दर्शन होतं. बाल्कनीत एकट्याने बघण्यापेक्षा पुढच्या उघड्या डेकवर जा. कडा कोसळताना आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, म्हणून आवाजाकडे वळणाऱ्यांना फक्त लाटाच दिसतात. कागदी रुमाल वगैरे हलकं काही हातात ठेवू नका, वारा ते थेट पाण्यात नेतो.

केचिकान या पुढच्या बंदराला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोकणाइतकाच, फक्त तो बाराही महिन्यांत वाटलेला. बोट गावातच लागली तर क्रीक स्ट्रीट, ओढ्यावर खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, पायीच होतं. काही कंपन्यांच्या बोटी मात्र सात मैलांवरच्या वॉर्ड कोव्हला लागतात. तिथून फुकट बस आहे, पण परतीच्या रांगेसाठी हातात वेळ ठेवा. दागिन्यांच्या दुकानांतून ‘फुकट’ लॉकेट वाटतात. ते घ्यायला गेलात की अर्धा तास गेला.

व्हिक्टोरियाला बोट संध्याकाळी उशिरा लागते. रोषणाई केलेली विधानसभेची इमारत धक्क्यापासून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. बुचार्ट बागेला जायचं तर वेळ काटेकोर, ती बोटीमार्फतच. उतरताना पिशवीत फळं नकोत. बफेतून उचललेलं केळंसुद्धा नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि चपला बाहेर काढल्या आहेत का ते प्रत्येकाचं तपासा, कारण बॅग एकदा गेली की ती थेट धक्क्यावर भेटते. सिएटल बंदराची एक सोय आहे: ठरावीक विमान कंपन्यांच्या प्रवाशांच्या बॅगा बोटीवरूनच परस्पर विमानतळावर जातात. आदल्या दिवशी बोटीवर चौकशी करून नाव नोंदवा. आणि दुपारी बाराच्या आधीचं विमान घेऊ नका. बोट सकाळी सातला लागली तरी हजारो माणसं, इमिग्रेशन आणि टॅक्सीची रांग यात नऊ-साडेनऊ सहज वाजतात.