६४ टक्के चार्ज आणि घाटात कासव

तीन दिवसांच्या प्रवासातले अडीच दिवस झकास गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते माझ्या इलेक्ट्रिक गाडीला नडलेल्या सात किलोमीटरच्या एका चढाबद्दल. त्यानं माझा दुसरा दिवस अर्धा खाल्ला.

निघण्याआधी ज्याला त्याला विचारलं होतं. सगळे छातीठोकपणे म्हणाले, इलेक्ट्रिकला घाट म्हणजे किरकोळ, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, पहिल्या क्षणापासून मिळतो. मीही कागदावर हिशेब मांडला होता. माणसं-सामानासकट १,८०० किलोची गाडी ६०० मीटर वर न्यायची तर नुसत्या उंचीला ३ युनिट वीज, वाया जाणारी धरून साडेतीन. चढाला लागलो तेव्हा बॅटरीत ६४ टक्के चार्ज होता. काळजीचं कारणच नव्हतं.

तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ट्रकला ओव्हरटेक करायला बाहेर आलो, पेडल पार तळाला टेकवलं, आणि पॉवरची पट्टी ७० किलोवॅटवरून घसरत घसरत १८ वर येऊन थांबली. स्क्रीनवर पिवळं कासव, म्हणजे गाडीनं स्वतःहून ताकद कमी केल्याची खूण. वेग ५५ वरून ४० वर. समोरून बस येत होती. पुन्हा ट्रकच्या मागे कसा शिरलो ते आठवायचं नाही.

बाजूला घेऊन पंधरा मिनिटं गाडी बंद ठेवली. परत चालू केली तर कासव गायब! दोन किलोमीटर गेलो, पुन्हा हजर. या वेळी मुद्दाम लगेच बंद करून लगेच चालू केली. कासव जागचं हललं नाही. मग वीस मिनिटं थांबलो, तेव्हा गेलं. म्हणजे 'बंद-चालू करा' या उपायाचं श्रेय त्या उपायाला नव्हतंच, मधल्या वेळेला होतं. काहीतरी तापत होतं आणि निवत होतं. हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. उत्तर आलं, "चार्ज ८० टक्क्यांच्या वर ठेवा, काही होत नाही." थकलेल्या माणसाला कुणीतरी ठाम बोललेलं हवं असतं. वर पोचून फास्ट चार्जरवर तास घालवला, ८२ टक्के केले. फास्ट चार्जिंगनं बॅटरी आणखी गरम झाली ती झालीच, पुढच्या चढावर कासव पुन्हा आलं. हा सल्ला साफ टाकाऊ होता. चार्ज १०-१५ टक्क्यांवर आला की ताकद कमी होते हे खरं, पण ६४ वर तसं होत असेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

सुदैवाने सोबतच्या मित्राकडे ओबीडी डाँगल होतं, गाडीच्या आतले आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र. तो शेजारी बसून फोनवर आकडे वाचत होता. बॅटरी ३६ अंश, सेलच्या व्होल्टेजमधला फरक १२ मिलिव्होल्ट, म्हणजे ठणठणीत. आणि इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग? ७१, ७६, ८४... माझ्या पायाखाली पेडल मऊ पडायला लागलं तो नेमका हाच क्षण. सकाळी गाडी पूर्ण गार असताना बॉनेट उघडलं तर कूलंटची, म्हणजे हे भाग गार ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी खालच्या खुणेच्याही खाली. आदल्याच आठवड्यात सर्व्हिसमध्ये कूलंट बदललं होतं. नळ्यांत हवा अडकून राहिली होती. पंप फिरत होता, पण इन्व्हर्टरपर्यंत पुरेसं पाणी पोचतच नव्हतं. सपाटीवर हे महिनोन्‌महिने कळलं नसतं.

त्यात नळाचं पाणी ओतायचा मोह मीही आवरला. प्रत्येक गाडीचं कूलंट ठरलेलं असतं, भलतं मिसळलं तर नवं दुखणं. टाकी गरम असताना झाकण उघडू नका, आणि हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका. परत येताना चढ लागला की ४० च्या वर गेलोच नाही, आणि कासव दिसलंच नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर ताकद कधी जाते ते आधी बघा. आणि हो, त्याहीआधी गाडी इको मोडवर नाही ना ते बघा, हसू नका. थंडीत सकाळी सुरुवातीलाच सुस्त आणि नंतर ठीक, तर बॅटरी गार आहे, एवढंच. पेडल दाबताच ताकद कोसळते, सोडताच चार्जचा आकडा सावरतो आणि तेही ३०-४० टक्के चार्ज असताना, तर एखादा सेल कमकुवत असल्याचा संशय घ्या. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा, सगळा पॅक त्या एका सेलच्या चालीनं चालवतं. सपाट रस्त्यावर, गाडी गार असताना अचानक लिंप मोड आला, म्हणजे गाडी बिघाड धरून जेमतेम ताकदीवर चालायला लागली, तर पेडलचा सेन्सर तपासायला सांगा. त्यात दोन सेन्सर असतात, दोघांचं जुळलं नाही की गाडी कुणावरच विश्वास ठेवत नाही. एकदम पाच-सहा दिवे लागले तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. ओल्या वळणावर दोन सेकंद दम गेला तर तो चाकं घसरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, त्याचं काम तो करतोय. आणि लांब चढावर ताकद हळूहळू जाते, थांबल्यावर परत येते, तर कारण उष्णता.

आणि कासव दिसलेलं असताना ओव्हरटेक करायचा नाही. कुणी कितीही हॉर्न वाजवो.

वर्कशॉपमध्ये हवा काढायला पाऊण तास लागला, पाऊण लिटर कूलंट आत गेलं. बिलात 'हाय व्होल्टेज बॅटरी तपासणी' अशी ओळ होती. बॅटरीला कुणी हातही लावला नव्हता. मित्राच्या फोनमधले स्क्रीनशॉट समोर ठेवले आणि ती ओळ काढायला लावली.