पहिली नोकरी ट्रेनिंगमध्येच ठरते

"सर, आमची मुलं पहिली नोकरी काय बघून घेतात? पगार की हॉटेलचं नाव?" हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांचे आईवडील मला हे नेहमी विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेकांचा कौल कॅम्पस इंटरव्ह्यूच्या कितीतरी आधी, इंडस्ट्रियल ट्रेनिंगमध्येच लागलेला असतो.

दुसऱ्या वर्षी एक सेमिस्टर मुलं हॉटेलात काढतात. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस असं सगळीकडे फिरतात. तिथे त्यांना कोण कसं वागवतं, ते मनात पक्कं बसतं. माझी एक विद्यार्थिनी बेकरीत होती. क्रोसाँचे थर सुटेनात, लोणी पिठात मुरून जाई. तिथल्या शेफने आरडाओरडा केला नाही. तिचा हात कणकेवर ठेवला आणि म्हणाले, "बघ, किती गरम झालीये. फ्रीजमध्ये ठेव, मग लाट." पुढे जास्त पगाराची ऑफर सोडून ती त्यांच्याच हाताखाली रुजू झाली. दुसऱ्या एका मुलाला मात्र आठवडेच्या आठवडे नुसती कटलरी पुसायला लावली. तो आज बँकेत आहे. पाहुण्यांशी इतकं छान बोलणारा मुलगा या धंद्याने घालवला, याचं मला फार वाईट वाटतं.

नावाचं वजन असतंच. ओबेरॉयचा दिल्लीतला ओसीएलडी (त्यांच्या स्वतःच्या प्रशिक्षण केंद्रातला कोर्स), ताज किंवा आयटीसीची मॅनेजमेंट ट्रेनी योजना मिळाली, तर मुलं दुसरीकडे बघत नाहीत, कारण तिथून वर चढायची वाट लवकर मिळते. घरावर शैक्षणिक कर्ज असेल तर डोळा क्रूझच्या डॉलरवर असतो. पण जहाजवाले आधी अनुभव मागतात, म्हणून पहिली एकदोन वर्षं फाइव्ह स्टारमध्ये काढायची, असा हिशेब असतो.

आणि ब्रेक शिफ्ट! सकाळी काम, दुपारी सुट्टी, संध्याकाळी परत हजर. बदलापूरच्या मुलाने मधल्या वेळात जायचं कुठे? राहायची सोय असलेलं हॉटेल तो आधी निवडतो, आणि बरोबरच करतो.

म्हणून माझ्या मुलांना मी इंटरव्ह्यूत तीन गोष्टी विचारायला लावतो: विभाग कोण ठरवणार, आठवड्याची सुट्टी खरंच मिळते का, आणि शेवटची लोकल चुकली तर घरी कोण सोडणार.