मदरवेल ते डॉर्टमुंड, पॉल लॅम्बर्टच्या वाटेने

जर्मनीतल्या डॉर्टमुंड स्टेशनवर उतरून कुणालाही विचारा, लोक तुम्हाला थेट फुटबॉल स्टेडियमच्या दिशेने धाडतात. इथे एमएस करणाऱ्या माझ्या भाच्यानेही तेच केलं असतं. पण मी त्याला म्हटलं, आधी शहराच्या हर्डे भागात जाऊ, फिनिक्स तलावावर. तो म्हणाला, "मावशी, अगं तिथे नुसतं पाणी आणि कॅफे आहेत."

खरंच तसं आहे. चोवीस हेक्टरांचा तलाव, काठाने नवी पांढरी घरं, पाण्यात शिडाच्या होड्या. पण २००१ सालापर्यंत इथे पोलाद बनत होतं. कारखाना बंद झाल्यावर तो सुटा करून जहाजांनी चीनला नेला. त्याच्याखाली गाडलेली एम्शर नदी पुन्हा उघड्यावर आणली आणि २०१० मध्ये तलावात पाणी सोडायला सुरुवात केली. काठालगतच्या छोट्या बेटावर जुन्या कारखान्याचं एक थॉमस कन्व्हर्टर उभं केलंय. म्हणजे वितळलेल्या बिडाचं पोलाद करण्याचं अवाढव्य भांडं, पेअरच्या आकाराचं, जाड पत्र्याचं, रिव्हेटच्या रांगाच रांगा असलेलं. त्याच्या पोटाखाली उभं राहिलं की माणूस चिमुकला वाटतो. मी बराच वेळ तिथे होते, कारण मला स्कॉटिश फुटबॉलपटू पॉल लॅम्बर्टची गोष्ट इथूनच सुरू करायची होती.

त्याआधी मी स्कॉटलंडमध्ये मदरवेलला जाऊन आले होते. ग्लासगो सेंट्रलहून लोकल ट्रेनने जेमतेम अर्ध्या तासाची वाट. तिथल्या फुटबॉल क्लबला लोक आजही 'द स्टीलमेन' म्हणतात. फर पार्क हे त्यांचं मैदान घरांच्या ओळींमध्ये दाटीवाटीने बसलेलं. गावालगत रेव्हन्सक्रेग नावाचा प्रचंड पोलाद कारखाना होता. १९९२ मध्ये तो बंद पडला, हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्याचे शीतक मनोरे कित्येक मैलांवरून दिसायचे, ते १९९६ च्या उन्हाळ्यात सुरुंग लावून पाडले. आज तिथे क्रीडासंकुल आहे, नवी घरं आहेत आणि अजून बरीचशी मोकळी जमीन.

त्याच उन्हाळ्यात लॅम्बर्टने मदरवेल सोडलं.

वय २६. नाव म्हणावं तर स्कॉटलंडबाहेर कुणाला माहीत नव्हतं. पेझली गावच्या सेंट मिरेन क्लबकडून सतराव्या वर्षी, १९८७ मध्ये, स्कॉटिश कप जिंकलेला. १९९३ मध्ये तो मदरवेलला आला आणि १९९५ मध्ये संघ लीगमध्ये दुसरा आला तेव्हा तो त्यात होता. चांगला, मेहनती मिडफिल्डर, पुढे जाऊन खेळणारा. करार संपला होता. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने बोस्मन खटल्यात निकाल दिला होता की करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातल्या क्लबने घेतलं तर त्या क्लबला जुन्या क्लबकडे पैसे मोजावे लागणार नाहीत. या निकालाचं बोलणं निघालं की मोठ्या ताऱ्यांच्या पगाराचे आकडेच पुढे येतात. मला मात्र त्याचं खरं मोल लॅम्बर्टसारख्यांच्या आयुष्यात दिसतं. ज्याच्यासाठी कुणी परदेशी क्लब पैसे मोजायला तयार झाला नसता, त्याला निदान दार ठोठावता आलं. आणि त्याने अक्षरशः ठोठावलं. हॉलंडच्या पीएसव्ही क्लबकडे चाचणी दिली, ती जमली नाही. मग डॉर्टमुंडकडे.

डॉर्टमुंड तेव्हा लागोपाठ दोनदा जर्मन विजेते. संघात झामर, म्योलर, कोहलर, रीडलं. अशा ड्रेसिंग रूममध्ये भाषा न येणारा, चाचणीवर आलेला मदरवेलचा पोरगा जाऊन बसतो, याची नुसती कल्पना करूनही माझ्या पोटात गोळा येतो. प्रशिक्षक ओटमार हिट्झफेल्ड यांनी त्याला ठेवून घेतलं आणि त्याची जागा बदलली. पुढे धावून खेळणाऱ्याला बचावापुढे उभं केलं: समोरच्याचा चेंडू तोड, आपल्या माणसाला दे, जागा सोडू नकोस. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीत यापेक्षा मोठा दिवस नाही. एका माणसाने त्याच्यात जे पाहिलं, ते मायदेशात कुणी पाहिलं नव्हतं.

हर्डेहून आम्ही बोर्सिगप्लाट्झला गेलो. रस्ते सगळ्या बाजूंनी येऊन मिळतात असा गोल चौक, मधून ट्रामचे रूळ. बोरुसिया डॉर्टमुंडचा जन्म याच वस्तीतला, १९ डिसेंबर १९०९ चा. जवळच्या कॅथलिक चर्चच्या मंडळातली तरुण पोरं फुटबॉल खेळायची, ते तिथल्या पाद्र्याला रुचत नव्हतं, म्हणून त्यांनी एका बिअरच्या गुत्त्यात बसून स्वतःचा क्लब काढला. शेजारी होएश कंपनीचा पोलाद कारखाना. पोरांचे बाप तिथेच कामाला. होएश संग्रहालय इथून चालत गाठता येतं. आम्ही पोचलो तेव्हा आत एक निवृत्त कामगार दोन शाळकरी मुलांना भट्टी कशी चालायची ते हातवारे करून सांगत होते. भाच्याने त्यांना माझ्या वतीने लॅम्बर्टबद्दल विचारलं. ते लगेच म्हणाले, "तो आमच्यासारखा होता. शिफ्ट पूर्ण करायचा." भाच्याने ते मला सांगताना स्वतःच मान डोलावली.

मग अखेर स्टेडियम. क्षमता ८१,३६५. दक्षिण बाजूला सुमारे पंचवीस हजार माणसं उभी राहतात, तीच ती 'पिवळी भिंत'. सामना नसताना तिथे फक्त काँक्रीटच्या पायऱ्या आणि रेलायचे लोखंडी कठडे. एका कठड्याचा रंग हातांच्या घर्षणाने पार निघून गेला होता, आतला धातू चकचकीत झालेला. ईशान्य कोपऱ्यातल्या बोरुसियम या संग्रहालयात युरोपीय करंडक ठेवला आहे, २८ मे १९९७ च्या रात्रीचा.

ती रात्र म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियममधली, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीग स्पर्धेच्या अंतिम सामन्याची. समोर गतविजेते, इटलीचे युव्हेंटस आणि त्यांच्याकडे झिनेदिन झिदान. त्याला सांभाळायचं काम लॅम्बर्टकडे. २९ व्या मिनिटाला लॅम्बर्टनेच उजवीकडून चेंडू आत टाकला, कार्लहाइन्झ रीडलंने छातीवर घेतला आणि गोल केला. पाच मिनिटांनी कॉर्नरवर रीडलंनेच हेडरने दुसरा. उत्तरार्धात देल पिएरोने टाचेने अप्रतिम गोल करून अंतर कमी केलं. मग लार्स रिकेन बदली म्हणून आत आला आणि पहिल्याच स्पर्शात लांबून गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू जाळ्यात. ३-१. तो रिकेनचा गोल डॉर्टमुंडमध्ये आजही सगळ्यांच्या तोंडी असतो, आणि असायलाच हवा.

पण मी हा सामना पुन्हा पाहते तेव्हा माझे डोळे झिदानवर असतात. तो चेंडू घेऊन वळायला जातो आणि लॅम्बर्ट तिथे आधीच उभा असतो. फार वेळा पाय घालत नाही, घाई करत नाही. फक्त झिदानला हवी असलेली दोन पावलांची जागा देत नाही. नव्वद मिनिटं हेच. चौदा महिन्यांच्या आतच विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणारा माणूस तो, हे लक्षात घेतलं की या कामाची किंमत कळते. चॅम्पियन्स लीग हे नाव पडल्यापासून ब्रिटनबाहेरच्या क्लबकडून ती स्पर्धा जिंकणारा लॅम्बर्ट पहिला ब्रिटिश खेळाडू ठरला.

डॉर्टमुंडमध्ये तो दीड वर्षसुद्धा राहिला नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये स्कॉटलंडला परतला, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबकडे. त्याच शहरातल्या कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्सला सलग दहावं विजेतेपद मिळू न देणाऱ्या त्या मोसमातल्या संघात तो होता, २ जानेवारी १९९८ ला रेंजर्सविरुद्ध लांबून केलेल्या त्याच्या गोलाची सेल्टिकवाले अजून आठवण काढतात. स्कॉटलंडकडून तो ४० सामने खेळला, फ्रान्समधला विश्वचषकही. पुढे प्रशिक्षकाचं शिक्षण घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र तो पुन्हा जर्मनीलाच गेला. मला ते फार स्वाभाविक वाटतं. जिथे आपल्याला कुणीतरी नवं काम शिकवलं, तिथेच माणूस शिकायला परत जातो.

जाणाऱ्यांसाठी थोडं: स्टेडियमची फेरी आणि बोरुसियम एकत्र करता येतं, सामन्याच्या दिवशी मात्र वेळा बदलतात. होएश संग्रहालय रोज उघडं नसतं, तेव्हा वेळ बघूनच निघा. फिनिक्स तलावाला हर्डे स्टेशनवरून चालत जाता येतं. आणि स्कॉटलंडचा बेत असेल तर ग्लासगोहून अर्धा दिवस काढून मदरवेलला जरूर जा. फर पार्क आधी, रेव्हन्सक्रेग नंतर.